‘वो छर सू’ : चिनी खाद्यगाडीवरचा आहारधर्म

चीनमध्ये रस्त्यावरच्या गाडीवर काही खायला मागवायचे, तर मांस न खाणाऱ्याला सर्वांत आधी लागणारे वाक्य तीन अक्षरांचे आहे : वो छर सू. वो म्हणजे मी, छर म्हणजे खातो किंवा खाते, आणि सू म्हणजे मांस नसलेले अन्न. चिनी क्रियापदाला लिंग, वचन, काळ यांचे प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे व्याकरणाच्या बाजूने शिकण्यासारखे काही उरत नाही. अडचण अर्थाची आहे. सू या शब्दात कोणते अन्न बसते आणि कोणते बसत नाही, यावर चीनमध्ये किमान दीड हजार वर्षे विचार झाला आहे. सम्राटांनी त्यावर आज्ञा काढल्या, भिक्षूंनी नियम केले, गृहस्थांनी आपापल्या पळवाटा शोधल्या. गाडीवाल्याला मात्र ग्राहक यांपैकी कोणाच्या बाजूचा आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून हे शब्द नुसते पाठ करून भागत नाही, त्यांच्यामागचा प्रश्नही माहीत असावा लागतो.

आधी उच्चाराविषयी थोडे. चिनी शब्द रोमन लिपीत वाचून मराठी माणूस हकनाक अडखळतो. त्या लिपीतला ‘ब’ हा चिनी तोंडात अल्पप्राण ‘प’ असतो आणि ‘प’ हा महाप्राण ‘फ’ असतो, मात्र ओठ पूर्ण मिटून उच्चारलेला. ‘द’ आणि ‘त’ यांची जोडी त-थ अशी ऐकू येते, ‘ग’ आणि ‘क’ यांची क-ख अशी. अल्पप्राण-महाप्राण हा भेद मराठीत जन्मजात आहे. शिवाय मराठीला ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च असे दोन वेगळे च आहेत, आणि चिनीत ते दोन्ही लागतात. वाफवलेल्या सारणाच्या पावाला पाव-च म्हणतात. त्यातला च चाकातला आहे. अंड्याला ची-तान म्हणतात, त्यातला चारमधला. ‘छर’ मधला छ जीभ टाळूकडे वळवून म्हणायचा. राहता राहिले सूर. चिनीत प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर असतो. सू हे अक्षर वरून झटकन खाली येते, एखाद्याला ठामपणे ‘नाही’ म्हणताना आवाज येतो तसे. सूर चुकला तरी गाडीवर हातवारे, बोट आणि प्रसंग यांच्या आधाराने काम निभते. अर्थ चुकला तर निभत नाही.

सकाळची पाव-चची गाडी घ्या. बांबूच्या गोल करंड्या एकावर एक रचलेल्या, खालून वाफ. विचारायचे : यौ सू त मा? सू काही आहे का? गाडीवाली करंडीचे झाकण उचलते, पावाच्या वरच्या चुण्यांतून हिरवे सारण डोकावत असते, आणि ती म्हणते, च्यौ-त्साय ची-तान. च्यौ-त्साय ही लसणाच्या वासाची, गवतासारख्या पात्यांची भाजी. ची-तान म्हणजे अंडे. तिच्या दृष्टीने हा पाव निःसंशय सू आहे, कारण त्यात मांसाचा कण नाही. समोर बौद्ध भिक्षू उभा असेल, तर त्याच्या दृष्टीने तो सू नाही, कारण च्यौ-त्साय त्याला वर्ज्य आहे. वारकरी घरातून आलेला माळकरी उभा असेल, तर त्याची अडचण अंड्याशी आहे. एकाच पावाविषयी तिघांची तीन मते आहेत, आणि प्रत्येकाच्या मतामागे परंपरा आहे. गाडीवालीला यात फसवायचे नसते. तिने तिच्या भाषेत खरे तेच सांगितलेले असते.

सू या शब्दाचा मूळ अर्थ न रंगवलेले, कोरे रेशीम. त्यावरून साधे, निराभरण असा अर्थ आला आणि पुढे साधे जेवण. बौद्ध धर्म येण्याच्या कितीतरी आधीपासून चीनमध्ये दोन प्रसंगी मांस आणि मद्य सोडण्याची रीत होती : आईवडिलांच्या सुतकात, आणि पितरांच्या किंवा देवतांच्या यज्ञापूर्वी. यज्ञापूर्वीच्या या शुद्धीला चाय म्हणतात. पुढे बौद्ध अनुवादकांनी उपोसथासाठी, म्हणजे ठरावीक तिथींच्या व्रतासाठी, हाच शब्द उचलला, आणि आजही व्रत म्हणून शाकाहार करणारा माणूस ‘वो छर चाय’ म्हणतो. गाडीवर या वाक्याचा उपयोग जास्त होतो, असे म्हणायला हरकत नाही. ‘सू’ ऐकून विक्रेता आवडीनिवडीचा विचार करतो. ‘चाय’ ऐकून त्याला धर्म आठवतो आणि तो जरा जपून हात चालवतो. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे छू-यी आणि शर-वू या दोन तिथींना, एरवी मांस खाणारे अनेक चिनी गृहस्थ सू खातात. आपल्याकडच्या एकादशीसारखीच ही सोय आहे. त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्याकडे कोणी नवलाने पाहत नाही.

पण अन्न सोडले म्हणजे चाय झाले का? हा प्रश्न इ.स.पू. चौथ्या शतकात च्वांग-त्सू या तत्त्वज्ञाने विचारून ठेवला आहे. त्याच्या ग्रंथात कन्फ्यूशियसचा शिष्य येन ह्वे गुरूला सांगतो की आपले घर गरीब आहे, कित्येक महिने मद्य नाही आणि उग्र अन्नही नाही, तेव्हा हे चाय धरता येईल का. गुरू उत्तर देतात की ते यज्ञाचे चाय झाले, मनाचे नाही. मनाच्या चायला शिन-चाय म्हणतात. त्यात कानांनी ऐकणे थांबते, मग मनाने ऐकणेही थांबते, आणि माणूस आतून रिकामा होऊन ऐकू लागतो. गरिबीमुळे जे ताटात आलेच नाही ते सोडल्याचे श्रेय घेता येत नाही, हे च्वांग-त्सूचे म्हणणे आजही बोचते. मात्र त्याचा उलटा अर्थ काढून ‘मन शुद्ध असले की ताटात काहीही चालेल’ असे म्हणणाऱ्यांना त्याने आधार दिलेला नाही. येन ह्वेचे अन्नाचे चाय त्याने नाकारले नाही, ते अपुरे आहे एवढेच म्हटले.

बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला तेव्हा त्याच्याबरोबर भारतातला जुना वाद पोचला. पालि विनयात मांसाला सरसकट बंदी नाही. देवदत्ताने भिक्षूंना मासे-मांस कायमचे बंद करावे अशी मागणी केली, ती बुद्धाने मान्य केली नाही. वैशालीच्या सिंह सेनापतीने बुद्धाला जेवायला बोलावले तेव्हा त्याने बाजारात तयार मांस मिळते का ते पाहायला माणूस पाठवला. त्यावर निर्ग्रंथांनी, म्हणजे जैन श्रमणांनी, गावभर आरोप केला की सिंहाने बुद्धासाठी मोठे जनावर मारले. त्या प्रसंगातून नियम आला : आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, तशी शंकाही नसावी. असे मांस भिक्षूला चालते. चिनीत त्याला सान-चिंग-रौ, म्हणजे तीन प्रकारे शुद्ध मांस, असे नाव आहे. मराठी वाचकांना हा विषय परका नाही. गोव्यातल्या साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात बुद्धाच्या अखेरच्या जेवणातले सूकरमद्दव आणि त्या काळच्या श्रमणांचा मांसाहार यांची पालि ग्रंथांच्या आधारे चर्चा केली आणि त्यापायी मोठा वादही ओढवून घेतला.

तीन शुद्धींचा नियम ज्या जगासाठी होता, ते जग भिक्षेचे होते. भिक्षू दारात उभा राहतो, पात्र पुढे करतो, पडेल ते खातो. त्याला निवड नाही, म्हणून निवडीचा दोषही नाही. चीनमध्ये ही भिक्षेची पद्धत फारशी रुजली नाही. तिथल्या समाजाला धडधाकट माणसाने दारोदार अन्न मागणे पटेना. विहारांना जमिनी मिळाल्या, कोठारे झाली, स्वतःची स्वयंपाकघरे झाली. अन्न मागणारा भिक्षू आता अन्न मागवणारा झाला. भांड्यात काय शिजवायचे हे विहारच ठरवू लागला, आणि जो ठरवतो त्याला ‘मी पाहिले नाही, ऐकले नाही’ म्हणता येत नाही. चिनी बौद्धांच्या कडक शाकाहाराला कारणे बरीच आहेत, पण हे कारण सर्वांत खोलवरचे वाटते. खाद्यगाडीपाशी उभ्या असलेल्या ग्राहकाला तेच लागू पडते. तो भिक्षेकरी नाही. तो बोट दाखवून ‘वो याव चेय-क’, मला हे हवे, असे म्हणतो. समोर पाण्याच्या टाकीत मासे फिरत असतील आणि बोट त्यांतल्या एकाकडे असेल, तर त्या चार अक्षरांनी तीनही शुद्धी एका दमात मोडतात. तो मासा त्याच्यासाठी, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या शब्दावर मारला जातो.

शास्त्राचा आधारही मिळत गेला. लंकावतारसूत्राचा गुणभद्राने ४४३ मध्ये केलेला अनुवाद मांसाहाराविरुद्ध स्पष्ट बोलतो. महायानाच्या महापरिनिर्वाणसूत्रात बुद्ध आधीची सवलत मागे घेतो. ब्रह्मजालसूत्र, जे बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकात चीनमध्येच रचले गेले असे मानतात, ते बोधिसत्त्वाच्या शीलांत मांस आणि उग्र वनस्पती दोन्ही वर्ज्य ठरवते. त्यानंतर आला लियांग घराण्याचा सम्राट वू, कारकीर्द ५०२ ते ५४९, राजधानी आजच्या नानजिंगच्या जागी. त्याने भिक्षू-भिक्षुणींना राजवाड्यात बोलावून मद्य-मांस सोडण्याविषयी ठणकावले आणि त्यावर लेखही लिहिला. ५१७ मध्ये त्याने राजघराण्याच्या पितृयज्ञातले पशू बंद करून त्यांच्या जागी पिठाच्या आकृती ठेवायला लावल्या. राजसत्तेने लादलेला शाकाहार म्हणून त्यावर टीका करता येते आणि ती करायलाही हवी. पण चिनी भिक्षू आजपर्यंत मांस खात नाहीत, हे केवळ धाकाने टिकलेले नाही. सम्राट गेला, घराणे बुडाले, नियम राहिला.

या नियमाची दुसरी बाजू हुन या शब्दात आहे. आज बाजारात हुन म्हणजे सामिष, सूच्या उलट. पण या शब्दाच्या चिन्हावर गवताची खूण आहे, आणि जुन्या कोशात त्याचा अर्थ उग्र वासाची भाजी असाच दिला आहे. येन ह्वेने आपण जे खाल्ले नाही म्हणून सांगितले तेही मुळात हेच. विहारांत वर्ज्य असलेले पाच उग्र पदार्थ म्हणजे लसूण, कांद्याच्या कुळातल्या तीन भाज्या, आणि पाचवा शिंग-छ्यू. हा पाचवा म्हणजे संस्कृत हिंगु, आपला हिंग. शूरंगमसूत्रात कारण दिले आहे : हे पदार्थ शिजवून खाल्ले तर काम वाढतो, कच्चे खाल्ले तर क्रोध. कारणमीमांसा आपल्याकडच्या राजस-तामस विचाराच्या इतकी जवळची आहे की आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चातुर्मासभर कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्या घराला ती समजावून सांगावी लागणार नाही. नवल आहे ते हिंगाचे. महाराष्ट्रात कांदा-लसूण नसलेल्या आमटीला हिंगाची फोडणीच तारून नेते. चिनी भिक्षूच्या यादीत मात्र हिंग लसणाच्या पंगतीला बसलेला आहे, तोही अशा देशात जिथे रोजच्या स्वयंपाकात तो नसतोच. जो पदार्थ बहुतेकांनी चाखलाही नाही, तो सोडण्याचे व्रत ग्रंथातून आले आणि पाळले गेले.

गाडीवर याचा अर्थ असा की कांदा-लसूण नको असेल तर ते वेगळे सांगावे लागते : पू याव त्सोंग, पू याव स्वान. पू याव म्हणजे नको, त्सोंग म्हणजे कांद्याची पात, स्वान म्हणजे लसूण. आणि सांगायचे ते वेळेत. च्येन-पिंग या उत्तरेकडच्या धिरड्याची गाडी पाहिली तर हे लगेच कळते. तापलेल्या गोल तव्यावर मुगाच्या किंवा मिश्र पिठाचा एक डाव पडतो, लाकडी फिरकीने तो काही क्षणांत कडेपर्यंत पसरतो, त्यावर अंडे फुटते, अंड्यावर चिमूटभर पात आणि कोथिंबीर, मग उलटापालट, गोडसर मसाल्याच्या पेस्टचा ब्रश, आत कुरकुरीत तळलेली पापडी, आणि घडी. सगळे एक-दोन मिनिटांत. पहिला डाव पडण्याआधी ‘पू याव ची-तान, पू याव त्सोंग’ म्हटले नाही, तर नंतर म्हणून उपयोग नाही. हाक मारायला लाव-पान म्हणजे मालक, किंवा शर-फू म्हणजे उस्ताद. कारागीर, चालक, आचारी यांना लावायचा शर-फू आणि भिक्षूला लावायचा शर-फू लिहायला वेगळे आहेत, ऐकायला एकच.

‘पू याव रौ’, मांस नको, हे वाक्य सर्वांत सुरक्षित वाटते आणि तेच सर्वांत जास्त दगा देते. चिनी बोलण्यात नुसते रौ म्हटले की बहुधा डुकराचे मांस. कोंबडी, सुकट किंवा हॅमचे तुकडे घालणाऱ्याला आपण सांगितलेले मोडले असे वाटतच नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या कुंगसुन लुंगने पांढरा घोडा म्हणजे घोडा नव्हे असा युक्तिवाद केला. तो तार्किकांच्या वर्गात शिकवला जातो, पण त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे की एखादे नाव नेमके किती वस्तूंना झाकते. कन्फ्यूशियसला राज्यकारभाराची सुरुवात कुठून करणार असे विचारले तेव्हा त्याने नावे नीट करण्यापासून, असे उत्तर दिले होते. नावे बिघडली की बोलणे बिघडते आणि बोलणे बिघडले की कामे. गाडीवर नावे नीट करायची म्हणजे लपलेल्या वस्तू एकेक करून विचारायच्या : चू-यौ म्हणजे डुकराची चरबी, काव-थांग म्हणजे हाडांचा किंवा मांसाचा रस्सा, हाव-यौ म्हणजे कालवांचा सॉस, ची-चिंग म्हणजे कोंबडीच्या चवीची पूड, श्या-फी म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. प्रत्येकाच्या आधी ‘यौ मेय यौ’, आहे की नाही, एवढे जोडले की प्रश्न पूर्ण होतो. पदार्थाच्या नावावर विसंबू नये. यू-श्यांग वांग्याच्या नावात मासा आहे, ताटात मासा नसतो. त्यात बहुधा डुकराचा खिमा मात्र असतो. सिचुआनच्या मा-फ्वो टोफूच्या नावात टोफू आहे आणि पारंपरिक कृतीत खिमा. हिरव्या पाटीवर छिंग-चन लिहिलेले मुसलमानी दुकान डुकराच्या बाबतीत निर्धोक असते, पण लानचौच्या नूडलचा रस्सा गोमांसाचा असतो. गोमांस वर्ज्य असेल तर ‘पू छर न्यौ-रौ’ म्हणावे. शेतात राबलेल्या बैलाविषयी कृतज्ञता म्हणून तैवानमधली काही शेतकरी कुटुंबेही ते खात नाहीत, त्यामुळे हे वाक्य तिथे परके वाटत नाही.

तैवानने नावे नीट करण्याचे काम कायद्यावर घेतले. २००९ पासून तिथल्या पाकीटबंद शाकाहारी पदार्थांवर पाच वर्गांपैकी एक छापावा लागतो : संपूर्ण शाकाहारी, अंड्यासह, दुधासह, दूध-अंड्यासह, आणि पाच उग्र वनस्पतींसह. एका जुन्या धार्मिक भेदाला आधुनिक छापील खूण मिळाली. गाड्यांवर अशी खूण नसते, पण तिथल्या शाकाहारी टपऱ्यांच्या पाट्यांवर स्वस्तिक दिसते. तिथे फक्त अंड्याचे विचारले तरी पुरते, कांदा-लसणाचे बहुतेकदा विचारावेच लागत नाही.

मांसाची नावे शाकाहारी पदार्थांनाही मिळाली. टोफूच्या पापुद्र्यांच्या गुंडाळीला सू-ची, शाकाहारी कोंबडी, म्हणतात. अशी शाकाहारी बदकेही असतात. शांघायचे कुंग-त-लिन हे १९२२ मध्ये सुरू झालेले उपाहारगृह अशाच पदार्थांसाठी नावाजले. आक्षेप उघड आहे : जीभ आणि डोळे मांसच खात असतील तर मनाचे चाय कुठे राहिले? उत्तरही तितकेच उघड आहे, की कोंबडी वाचली. या दोन उत्तरांत निवड करायची झाली तर दुसरे अधिक वजनदार आहे. मनाची शुद्धी ज्याची त्याला मिळवता येते. कोंबडीला दुसरा जीव मिळत नाही.

सामायिक भांड्याचा प्रश्न राहतो. गाडीवर एकच कढई, एकच झारा. झेन परंपरेचा सहावा आचार्य हुइनंग (६३८–७१३) याच्याविषयी मंचसूत्राच्या पुढच्या काळातल्या प्रतींत सांगितले आहे की पाठलाग चुकवण्यासाठी तो पंधरा वर्षे शिकाऱ्यांच्या टोळीत राहिला, त्यांच्या मांसाच्या भांड्यातच आपली भाजी शिजवायचा आणि फक्त भाजी खायचा. रौ-प्येन-त्साय, मांसाच्या कडेची भाजी, हा शब्दप्रयोग तिथून आला आणि आजही मांसाहारी मंडळींत जेवणारे बौद्ध गृहस्थ तो वापरतात. परिस्थितीने कोंडलेल्या माणसाचा तो मार्ग होता. पर्याय समोर असताना त्याचा आधार घेणे म्हणजे हुइनंगच्या नाइलाजाला सवलत समजणे होय.

झेन परंपरेच्या गोष्टी खाद्यविक्रेत्यांनी भरलेल्या आहेत, आणि ही गोष्ट अभ्यासकांनी घेतली त्यापेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवी. तशान (७८२–८६५) हा वज्रच्छेदिकेचा नामांकित पंडित. दक्षिणेतल्या झेनवाल्यांची तोंडे बंद करायची म्हणून भाष्याचे बाड पाठीवर घेऊन तो निघाला. वाटेत एक म्हातारी खायला विकत बसली होती. त्याने खायला मागितले. हलक्या खाण्याला चिनीत त्येन-शिन म्हणतात, शब्दशः मनाला टिंब देणे, हुशारी आणणे. म्हातारीने पाठीवर काय आहे ते विचारून घेतले आणि अट घातली की उत्तर दिलेस तर फुकट, नाहीतर पुढच्या दुकानात जा. वज्रच्छेदिका सांगते की भूत, वर्तमान आणि भविष्य यांतले कोणतेच मन हाती लागत नाही. मग पंडिताला यांपैकी कोणत्या मनाला टिंब द्यायचे आहे? तशानला उत्तर सुचले नाही. त्याने उभ्या आयुष्यात ज्या सूत्रावर व्याख्याने दिली, ते सूत्र भुकेच्या वेळी, ओळखीच्या शब्दात, विक्रेतीच्या तोंडून समोर आले तेव्हा त्याला ओळखता आले नाही. म्हातारीने त्याला लुंगथान छुंगशिन या झेन गुरूकडे धाडले, आणि तिथे पुढे त्याने ती भाष्ये जाळली. हा छुंगशिन पोळ्या विकणाऱ्या घरातला मुलगा. लहानपणी तो रोज दहा पोळ्या गुरू थ्येनह्वांगला नेऊन द्यायचा, आणि गुरू रोज त्यातली एक परत करायचे. आपणच आणलेली पोळी आपल्याला का देता, असे त्याने विचारले, तेव्हा गुरू म्हणाले की तुझीच तुला परत देण्यात काय चुकले. देणारा, घेणारा आणि पोळी यांच्यातली हद्द त्या क्षणी त्याच्यासाठी सैल झाली आणि तो शिष्य झाला.

सर्वांत अवघड गोष्ट फानशानची. हा भिक्षू बाजारातून जाताना एका ग्राहकाने खाटकाला सांगितलेले त्याच्या कानावर पडते : चांगल्यातले एक चिन कापून दे. चिन हे वजन आज पाचशे ग्रॅमचे आहे आणि बाजारात अजून चालते. खाटीक सुरी खाली ठेवतो, हात जोडतो आणि विचारतो की यातले कोणते चांगले नाही. फानशानला तिथे बोध झाला. गाडीवरचे प्रत्येक वाक्य ‘हे हवे, ते नको’ असे जग कापत असते, आणि खाटकाच्या प्रश्नाने ते कापणेच थांबवले. पण बोध भिक्षूला झाला. मांस कोणी भिक्षूने विकत घेतले नाही, आणि झेन विहारांच्या स्वयंपाकघरांत त्या बोधानंतरही मांस शिजले नाही. हांगचौच्या लिंगयिन विहारातला वेडा भिक्षू ची-कुंग मद्य-मांस खायचा म्हणून लोककथांत लाडका आहे. त्याच कथा बजावून सांगतात की त्याची नक्कल करणारा बुडतो. भेद मिटवायचा तो मनातला. हाताने काय उचलावे हे शील ठरवते. फानशानची गोष्ट सांगून ताटातले मांस समर्थनीय ठरवणारा माणूस गोष्टीतले नेमके तेवढेच ऐकत असतो जेवढे ग्राहकाने ऐकले.

चिनी विहारातल्या भोजनगृहाला वू-क्वान-थांग, पाच चिंतनांचे दालन, असे नाव असते. ही पाच चिंतने क्रमाने अशी : हे अन्न किती श्रमांतून आले, ते घेण्याइतके आपले आचरण आहे का, लोभाला कुठे आवर घालायचा, हे अन्न शरीराचे औषध आहे, आणि ते साधनेसाठी आहे. तिथे जेवताना बोलत नाहीत. आणखी भात हवा असेल तर वाडगा टेबलाच्या कडेकडे सरकवतात आणि किती हवा ते काड्यांनी दाखवतात. विहाराबाहेरच्या माणसाला याचा काही भाग शांघायच्या जेड बुद्ध विहारासारख्या ठिकाणच्या नूडलच्या खिडकीवर मिळतो. तिथे ‘यी वान सू-म्येन’, एक वाडगा सू नूडल, एवढे म्हटले की पुरते. चरबी, हाडांचा रस्सा, कांदा, लसूण यांविषयीचे प्रश्न तिथे ग्राहकाने विचारायचे नसतात. ते स्वयंपाकघराने चूल पेटवण्याआधीच निकालात काढलेले असतात.